राखीव पाच लिटर

चैत्र उतरणीला लागला की आमच्या जालन्यात सकाळी आठलाच दुपार होते. गल्लीत टँकर येऊन जातो, त्याच्यामागे रस्त्यावर ओली पट्टी राहते आणि बघता बघता वाळते. कडुनिंबाचा मोहोर अंगणात पडतो, झाडला तरी पुन्हा पडतो. कूलरला नवा वाळा लावला की पहिले दोन दिवस घरभर त्याचा वास असतो. माठ, माठाखालची ओली वाळू, दुपारी लावून घेतलेल्या खिडक्या, कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू. सगळं दरवर्षीसारखं आलंय. मला ते दिसतं, ऐकू येतं, पण आत काही पोचत नाही. परवा भर दुपारी उघड्या डोक्यानं दूध आणायला निघाले. शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "अवं, पदर तरी घ्या डोक्यावर, काय ऊन पडून राह्यलंय." तेव्हा मला कळलं, ऊन आहे.

माझं असं होऊन हा तिसरा उन्हाळा. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला, नंदूला, डोंगरावर ऊन लागलं. तो वाचला, पण चालणं-बोलणं पहिल्यासारखं राहिलं नाही. "हट्टीच तो, ऐकतो कुठं कुणाचं," असं घरातले म्हणतात, तोही मान हलवतो आणि मी गप्प बसते. त्या दिवसाचा सगळा बेत मी आखला होता, कागदावर, तासातासाचा. त्या कागदावर एक शब्द मी पेन्सिलीनं लिहिला होता. तो शब्द मी नंदूला अजून सांगितलेला नाही. दर उन्हाळ्यात ठरवते, यंदा सांगायचं. मग पाऊस येतो, शाळा-कॉलेजं सुरू होतात, आणि राहून जातं.

डोंगराचं खूळ मला उशिरा लागलं, चाळिशी उलटल्यावर. मी एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा, ठरल्या दिवशी उलगडून किती उगवल्या ते मोजायचं. वर्षानुवर्षं हेच. मान मोडून येते, डोळ्यांपुढे बिया नाचतात. मग आजूबाजूच्या ऑफिसांतले आम्ही पाच-सहा जण जमलो. रविवारी पहाटे गाडी काढायची, जवळचा कुठलातरी डोंगर चढायचा, दुपारच्या जेवणाला घरी. बेत आखायचं काम आपसूक माझ्याकडे आलं, कारण कागद आखल्याशिवाय मला स्वयंपाकसुद्धा सुचत नाही.

आमच्या जिल्ह्यात डोंगर म्हटलं की बाहेरचे हसतात. तुमच्याकडे कुठले डोंगर, टेकाडं ती. बराबर आहे त्यांचं. पण ऊन काही उंची बघून लागत नाही. आमच्या टेकाडावर उन्हाळ्यात असतं काय? काळा दगड, पिवळं कुसळ, पानं झडलेली सालईची झाडं, फुलून गेलेला पळस आणि मधूनच एखादं बोराटीचं झुडूप, ज्याच्या सावलीत शेळीसुद्धा अर्धीच मावते. चढ संपला की पुढे लांबलचक माळ. माळावरून देऊळ दिसतं, देवळाचा झेंडा दिसतो, आणि कितीही चाललं तरी तो तेवढाच लांब राहतो. मोठ्या डोंगराला माणूस भिऊन असतो, तयारीनं जातो. टेकाडाला कोण भिणार? आम्हीही भ्यालो नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. वैशाखात शहागडला जाऊन गोदावरीचं पाणी आणायचं आणि म्हादेवाच्या डोंगरावर नेऊन पिंडीवर घालायचं. उन्हाळ्यात देवालाही तलखी होते, म्हणून. वडील होते तोवर ते सोमवारी जायचे, पहाटे, अनवाणी, खांद्यावर तांब्याची घागर घेऊन. ते गेल्यावर नंदूनं रीत उचलली. घागरीचा पाच लिटरचा कॅन झाला, सोमवारचा रविवार झाला, पायांत बूट आले. देवानं काही हरकत घेतली नाही. नियम तेवढे दोन राहिले. पाणी वाटेत भुईला टेकवायचं नाही, आणि देवाच्या आधी कुणी तोंडाला लावायचं नाही. नंदू कॅनला बेल्ट लावून पाठीवर घ्यायचा, आणि थांबायचं झालं तर उभ्यानंच थांबायचा.

नंदू तेव्हा रोलिंग मिलमध्ये होता. बारा वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस. लालबुंद लोखंड चिमट्यानं धरून रुळांत घालायचं, ते पलीकडून बारीक होऊन निघायचं. घरी आला की त्याच्या शर्टावर घामाचं मीठ पांढरं दिसायचं, आई ते बघून दोन दिवस बोलत राहायची. मी एकदा त्याला टोपी घे म्हटलं तर हसला. "अक्का, मी भट्टीतच राह्यतो. मला सूर्य काय करून राह्यला?" आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. आमच्या जालन्यात हे असंच आहे. मिलवाल्याला ऊन लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. भट्टीपुढं माणूस पाळीपाळीनं उभा राहतो, मधे पंख्याखाली बसतो, पिंपातलं लिंबू-मिठाचं पाणी पितो, हे कुणी सांगत नाही. मीही विचारलं नाही.

त्या वर्षी आमचा डोंगरवाल्यांचा घोळका म्हणाला, यंदा आम्हीपण येतो तुमच्या म्हादेवाला. एका दगडात दोन पक्षी, चढणही होईल आणि दर्शनही. मी खुशीत कागद घेतला. कागद चांगला होता, हे मी आजही म्हणेन. साडेपाचला पायथा. आठच्या आत देऊळ. नऊला, जिथं असू तिथून परत फिरायचं, देव राहिला तरी. सुती कपडे, पूर्ण बाह्या, डोक्याला पंचा. मीठ-साखरेच्या पुड्या. गाडीवाला खाली थांबेल, त्याचा फोन चालू. आईनं प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घालायला लावला, ऊन लागू नये म्हणून. तोही मी कागदावर घेतला, वाद नको म्हणून.

आणि पाणी. माणशी चार लिटर, हा माझा नियम होता, त्यात तडजोड नाही. फक्त नंदूच्या पाठीवर आधीच देवाचं पाच लिटर होतं. त्याच्यावर आणखी चार म्हणजे माणसानं चढायचं की वाहायचं? म्हणून त्याच्या नावापुढं मी दोन लिहिलं. खाली देवाच्या पाच लिटरपुढं पेन्सिलीनं एक शब्द लिहिला, राखीव. मनात म्हटलं, वेळ आलीच तर ते पिऊ. पाणी ते पाणी. हे मोठ्यानं बोलले असते तर आईनं घर डोक्यावर घेतलं असतं आणि नंदू म्हणाला असता, अक्का, तुझी अक्कल लॅबमध्ये ठेव. म्हणून बोलले नाही. कागदाच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटल्या. पेन्सिल झेरॉक्सवर इतकी फिकी उमटली की कुणाच्या नजरेला पडली नाही. म्हणजे आमच्याकडे पाच लिटर पाणी राखीव होतं आणि ते राखीव आहे हे एकट्या मला माहीत होतं.

शहागडला पोचलो तेव्हा अजून फटफटायचं होतं. पुलावरून ट्रक जात होते आणि खाली गोदावरी वैशाखात असते तशी, वाळूच्या कडेनं गेलेली पाण्याची एक पट्टी. नंदूनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आत जाऊन कॅन भरला, पाण्याला हात लावून कपाळाला लावला. इथवर सगळं वेळेत होतं. मग आमच्यातले जोशी म्हणून आहेत, ऑफिसात हिशेब बघतात, ते म्हणाले, पोटात काही घातल्याशिवाय चढायचं न्हाई बुवा. हायवेवर टपरी होती. पोहे होईपर्यंत चहा, चहा होईपर्यंत भजी. नंदू कॅन पाठीवर घेऊन उभ्यानं पोहे खात होता आणि ट्रकवाले त्याच्याकडे बघत होते. मी घड्याळ बघत होते. बोलले मात्र नाही, कारण सगळ्यांची तोंडं हसरी होती.

पायथ्याला सव्वासात वाजले. खाली एक मेंढपाळ मेंढ्या हाकत होते, साठीचे, सखाराममामा म्हणून. दरवर्षी त्या डोंगरावर असतात, नंदूला ओळखायचे. त्यांनी आमच्याकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं. "लई उशीर केला. माझी मेंढरं आता सावली धरून बसतील, अन् तुमी चढून राह्यले?" जोशी म्हणाले, जल्दी जाऊन जल्दी येतो मामा. मामा मेंढ्यांकडे वळले. शिकल्यासवरल्या माणसांना ते कशाला सांगत बसतील.

चढ बरा गेला. वारा होता, तोही गरम, पण वारा होता. माळावर आलो तेव्हा माझ्या घड्याळात नऊ वाजले होते. नऊ म्हणजे परत फिरायची वेळ. मी थांबले. समोर झेंडा दिसत होता. सगळे म्हणाले, हे काय, आलंच की. मीही म्हटलं, आलंच. ही चूक मी कुणालाही सांगते. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, की ठरलेली वेळ झाली तर देव दिसत असला तरी पाठ फिरवा. ऐकणारे मान हलवतात, माझ्या मोकळेपणाचं कौतुक करतात. ही चूक सांगायला सोपी आहे. तिच्यात आम्ही सहा जण होतो.

नंदू मागे पडला होता. मी सगळ्यांत पुढे, चाल धरून. मागे वळून बघितलं की तो दिसायचा, सावकाश येणारा, मी हात हलवायची, तोही हलवायचा. त्याचं दोन लिटर संपून तास झाला होता, हे मला नंतर कळलं. त्यानं मागितलं नाही. माझ्या पिशवीत तेव्हा दीड लिटर होतं. पुन्हा वळले तेव्हा तो दिसला नाही.

परत धावत गेलो. बोराटीच्या झुडपाशी तो उताणा पडला होता, कॅन पोटावर दोन्ही हातांनी धरलेला, भुईला न टेकवता. डोळे उघडे होते. मला म्हणाला, "शिफ्ट बदलली का?" अंगाला हात लावला तर तवा. आणि घाम नाही, टिपूस नाही. एवढा घामाचा माणूस, आणि कपाळ कोरडं ठणठणीत. जोशी त्याच्या तोंडाला बाटली लावायला गेले तेवढ्यात खालून सखाराममामा आले. मेंढ्या बसवून ते आमच्या मागावरच आले होते. "तोंडात वतू नका, छातीत जाईल," ते म्हणाले. "कपडे काढा. अंगावर वता." आमच्या बाटल्या आम्ही रिकाम्या केल्या. मामांनी कॅनकडे बोट केलं.

"ह्ये कुणाचं?"

"देवाचं," मी म्हटलं.

"मंग वता की."

मी कॅन त्याच्या हातांतून सोडवला. बोटं उघडत नव्हती. झाकण काढलं आणि गळ्यावर, काखेत, मांड्यांवर सगळं ओतलं. मामा घोंगडीनं वारा घालत होते. पाणी त्याच्या अंगावरून दगडावर गेलं आणि दगडावरून नाहीसं झालं. तेवढं मला अगदी स्वच्छ दिसलं, आणि त्या वेळी माझ्यात काहीतरी बंद पडलं. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. पुढचं सगळं मी नीट केलं. काठ्या आणि घोंगडी यांची झोळी करून त्याला खाली आणलं, गाडीवाल्याला फोन, दवाखाना, रेखाला फोन. रेखा म्हणजे नंदूची बायको. तिला मी असं सांगितलं जसं ऑफिसात पाहुणे येणार असल्याचं सांगतात. डॉक्टर नंतर म्हणाले, अंगावर पाणी घातलंत म्हणून हाती लागला. लोकांनी माझं कौतुक केलं. किती शांत डोक्यानं वागलात हो.

नंदू पंधरा दिवसांनी घरी आला. आता तो पाय फाकवून चालतो, भिंतीचा अंदाज घेत. जीभ जड झालीय, शब्द एकेक करून येतात. मेडिकलच्या दुकानात एकदा नवीन मुलानं त्याला हाकललं, सकाळी सकाळी पिऊन आलाय म्हणून. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. रेखा त्या मुलाशी भांडून आली. नंदू मात्र घरी येऊन हसला, "अक्का, न पिता चढली मला." भट्टीजवळ आता त्याला उभं करत नाहीत. मिलच्या वजनकाट्यावर बसतो, पावत्या लिहितो. अक्षर वाकडं येतं, पण आकडा चुकत नाही.

मला काय होतं म्हणून विचाराल तर काही होत नाही. जेवते, झोपते, कामाला जाते. बिया मोजते. आमच्याकडे कधी कधी उन्हात राहिलेली पोती येतात. बी वरून तसंच दिसतं, तुकतुकीत, वजनाला बरोबर. ओल्या कागदात ठेवलं की कळतं, उगवतच नाही. मी नोंद करते आणि पुढचा कागद उलगडते.

डोंगरवाले अजून जातात, मी जात नाही. पण उन्हाळा आला की फोन येतात, मॅडम, बेत बघून द्या ना. मी देते. सांगते की उन्हाळ्यात पोचायची वेळ धरू नका, परतायची धरा, आणि उलट मोजत या. सांगते की सगळ्यांत सावकाश चालणारा पुढं ठेवा, चाल त्याची. सावली कुठं कुठं आहे ते आधी एकदा जाऊन बघून या, कारण झाडाची खूण ही पाण्याच्या खुणेइतकीच कामाची. तहान लागायची वाट बघू नका. कुणी चिडचिड करायला लागला, बडबडायला लागला किंवा एकदम गप्प झाला तर तो थट्टेचा विषय नाही. आणि ज्याचं पाणी त्याच्या पाठीवर. एकाचं दुसऱ्याच्या भरवशावर नको. हे शेवटचं सांगताना समोरचा विचारतो, का हो? मी म्हणते, असंच.

गेल्या रविवारी सकाळी नंदू आला. एकटाच, गल्लीच्या भिंतीला हात लावत लावत. मी कैऱ्या उकडायला ठेवल्या होत्या. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, घाम पुसला. त्याला घाम आलेला दिसला की मला बरं वाटतं, म्हणजे वाटत नाही, पण बरं आहे हे कळतं.

"अक्का, दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "देव कोरडा राह्यलाय."

"मंग? राहू दे."

"मला जायचंय. तू बेत काढ."

मी सरळ नाही म्हटलं. डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलंय, एकदा लागलेल्याला पुन्हा लवकर लागतं, पाय धड पडत नाहीत, रेखा मला जिवंत ठेवायची नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू न्हाई काढला तरी मी जाईन. रिक्षानं पायथ्यापर्यंत. पुढं बसत बसत." आणि तो जाईल, हे मला माहीत होतं. बेताविना, दहा वाजता, डोक्याला रुमाल बांधून.

म्हणून मी कागद घेतला. वैशाखातला रविवार धरला, हवापाणी बघितलं, सूर्य कधी उगवतो ते बघितलं. खाली मुक्काम सखाराममामांच्या वस्तीवर, आदल्या संध्याकाळी. फटफटताना निघायचं, माळाच्या तोंडापर्यंत जायचं, पुढं देऊळ दिसलं तरी नाही. तिथून पाणी मामा नेतील. सातला, जिथं असू तिथून परत. मी लिहीत होते आणि तो समोर बसून बघत होता. पाण्याच्या ओळीशी माझा हात थांबला. पुन्हा तीच ओळ, तेच दोन आकडे, आणि समोर तो बसलेला. म्हटलं, आता नाही तर हा कागदसुद्धा खोटा.

"नंदू, त्या दिवशी तुझं पाणी मी कमी धरलं होतं," मी म्हटलं. "सगळ्यांना चार, तुला दोन. देवाचा कॅन मी राखीव धरला होता. तुला सांगितलं न्हाई. मला वाटलं, वेळ आली तर पिशील. तुझा हट्ट न्हवता तो. माझी चूक होती, अन् मी तीन उन्हाळे तुझ्यावर ढकलून गप बसले."

चुलीवर, म्हणजे गॅसवर, कैऱ्या तडकत होत्या. मला वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाला, "मी प्यालो होतो, अक्का."

"काय?"

"तुमी समदे पुढं गेल्ते. जीभ टाळूला चिकटली होती. झाकण काढलं अन् दोन घोट घेतले. देवाचं उष्टं केलं." तो शब्द जुळवत जुळवत बोलत होता. "झाकण लावलं अन् धा पावलांवर पडलो. धाच पावलं. मंग मला समजलं, का पडलो ते. रेखाला सांगितलं न्हाई. आईला न्हाई. म्हनून जायचंय. माफी मागायची, पाणी घालायचं. हे चालणं-बोलणं सुधरंल मंग."

तीन उन्हाळे मी समजत होते की ते पाणी त्यानं घेतलं नाही म्हणून तो पडला. आणि तीन उन्हाळे हा समजत होता की घेतलं म्हणून पडला. एकाच गल्लीत राहतो आम्ही. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे जाते, चहा पिते, पाऊसपाण्याचं बोलते, आणि उठून येते.

मग मला राग आला. कुठून आला कळलं नाही, पण पायापासून आला. देवाचा आला, आईचा आला, त्या पोह्यांचा, त्या पेन्सिलीचा आला आणि सगळा समोरच्यावर निघाला.

"दोनच?" मी म्हटलं. "दोनच घोट? अरे येड्या, समदं का न्हाई प्यालास? पाच लिटर होतं पाठीवर. पाच लिटर. दोन घोट घेऊन झाकण लावलंस? झाकण कशाला लावलंस?"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. नंदू घाबरून बघत होता. मी त्याचं मनगट धरलं होतं आणि मी रडत होते, नाक-डोळे एक होऊन, लहानपणी रडायची तशी. गॅस बंद करायला उठायचं होतं, उठता येत नव्हतं. त्याचा हात गरम होता, माणसाचा असतो तेवढाच. ओट्यावर ऊन आलं होतं, तेही मला लागत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले माहितीय ना?" जरा वेळानं मी म्हटलं. "अर्धा तास आधी प्याला असता, सावलीत बसला असता, तर धड चालत घरी आला असता. त्या दोन घोटांनी पाडलं न्हाई तुला. झालं तर त्यांनी धा पावलं चालवलं."

ते त्याला पटलं की नाही, मला ठाऊक नाही. तीन उन्हाळ्यांचं आहे, एका सकाळी पटायचं नाही.

मी डोळे पुसले आणि कागद पुढं ओढला. नंदूच्या नावापुढं पेनानं पाच लिहिलं. तो वाकून बघत म्हणाला, "अन् देवाचं?"

"तेच. गोदावरीचंच आणू. तू वाटेत प्यायचं, दर पाच मिनिटाला, मी सांगीन तेव्हा. उरलं तर देवाला."

"न्हाई उरलं तर?"

"तर न्हाई उरलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. मग त्यानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, कागद डाव्या हातानं दाबून धरला, आणि पाण्याच्या ओळीखाली, पावतीवर लिहितो तशा वाकड्या अक्षरांत, एकेक अक्षर थांबून, स्वतःच लिहिलं: उरलं तर देवाला.